एकाच कायद्यातले दोन दिवस

२६ एप्रिल १९४७ रोजी नॉर्वेत एक छोटासा कायदा झाला. नाझी फौजांची शरणागती होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. सत्ता मजूर पक्षाच्या हाती होती आणि पंतप्रधानपदी आइनार गेरहार्डसेन होते. एके काळचे रस्त्यावरचे मजूर आणि झाक्सेनहाउझेनची छळछावणी भोगलेले कार्यकर्ते. या कायद्याने १ मे आणि १७ मे हे दोन्ही दिवस पगारी सुट्टीचे राष्ट्रीय दिवस ठरले. पहिला जगातल्या श्रमिकांचा, दुसरा नॉर्वेच्या राज्यघटनेचा. हे दोन दिवस एकाच कायद्यात शेजारी बसावेत यासाठी तिथल्या कामगार चळवळीला अर्धे शतक झगडावे लागले होते.

नॉर्वेबाहेर राहणाऱ्या नॉर्वेजियनांनी मात्र या जोडीतला एकच दिवस उचलला आहे. ब्रुकलिनमधील बे रिज, सिअ‍ॅटलमधील बॅलार्ड, लंडनचे सदर्क पार्क, स्पेनच्या किनाऱ्यावरील अल्फास देल पी, सिंगापूर, ह्यूस्टन, जिथे जिथे चार नॉर्वेजियन कुटुंबे एकत्र येतात तिथे १७ मे साजरा होतो. लाल-निळे-पांढरे ध्वज, भरतकामाचे पारंपरिक पोशाख, बँड, मुलांची मिरवणूक, सॉसेज आणि आइस्क्रीम. १ मेचे नाव तिथे क्वचितच निघते.

आपल्याकडील सुशिक्षित वर्तुळाला या उत्सवाचे मोठे कौतुक आहे. समाजवादी म्हणवणारे आपले काही मित्रही त्यात आले. पाहा, रणगाडे नाहीत, क्षेपणास्त्रे नाहीत, नुसती मुले चालतात. आणि परदेशी गेलेले लोकदेखील ‘राजकारण मध्ये न आणता’ किती निर्मळपणे मायदेशाचे स्मरण करतात. आपल्या अनिवासी मंडळींनी यापासून धडा घ्यावा, असा या कौतुकाचा सूर असतो. मुले चालतात हे खरे, आणि ते मलाही आवडते. परंतु ‘राजकारण मध्ये न आणता’ हे जे गुण म्हणून सांगितले जाते, तोच या परदेशी उत्सवाचा दोष आहे असे माझे म्हणणे आहे. १७ मे हा दिवस जन्मापासून राजकारणाचा आहे. त्यातून राजकारण काढले की उरतो तो पोशाख.

१८१४ च्या जानेवारीत कीलच्या तहाने डेन्मार्कच्या राजाने नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकला. एखाद्या इनामदाराने गाव गहाण टाकावे, तसा. त्यावर आइड्सव्होल येथे ११२ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी पाच-सहा आठवड्यांत राज्यघटना लिहून १७ मे रोजी तिच्यावर सह्या केल्या. स्वीडनने फौज पाठवली. उन्हाळ्यातल्या अल्पशा युद्धानंतर नॉर्वेला स्वीडनशी एकराज्य पत्करावे लागले, परंतु घटना शिल्लक राहिली. पुढे स्वीडन-नॉर्वेचा राजा कार्ल योहान याला १७ मेचा उत्सव खुपू लागला, कारण हा दिवस म्हणजे आपल्या राजवटीविरुद्धचे निदर्शन आहे हे त्याने अचूक ओळखले होते. उत्सव थांबवण्यासाठी त्याने दडपण आणले. १८२९ च्या १७ मेला क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, ‘कॉन्स्टिट्यूशनेन’ नावाची आगबोट बंदरात आली. ती पाहायला जमलेली गर्दी घोषणा देऊ लागली, आणि पांगवण्यासाठी तिच्यावर घोडदळ घालण्यात आले. आज ऑस्लोतील मुले राजवाड्याकडे ज्या रस्त्याने ध्वज हलवीत जातात, त्या रस्त्याला याच कार्ल योहानचे नाव आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असावी असे वाटायला लावणारी ही गोष्ट.

ती घटनाही काही स्वर्गातून उतरली नव्हती. मतदानाचा हक्क सरकारी अधिकारी, जमीनधारक शेतकरी आणि शहरांतले व्यापारी व मालमत्ताधारक यांना मिळाला; मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर झोपडी बांधून त्या बदल्यात राबणाऱ्या भूमिहीन कुळांना नाही, शहरातल्या मजुरांना नाही, आणि स्त्रियांना तर नाहीच. दुसऱ्या कलमाने ज्यूंना देशात पाऊल ठेवण्यास मनाई केली होती. ही मनाई उठावी म्हणून कवी हेन्रिक व्हेर्गेलान्ड वर्षानुवर्षे झगडले. १८४५ साली ते वारले आणि १८५१ मध्ये ती उठली. मुलांची मिरवणूक १८७० साली राजधानीत सुरू झाली, तीही फक्त मुलग्यांची. मुलींना तीत चालण्यासाठी १८८९ उजाडावे लागले. सर्व पुरुषांना मताधिकार १८९८ साली, सर्व स्त्रियांना १९१३ साली मिळाला. सांगायचे ते इतकेच की प्रत्येक पिढीने या दिवसाशी भांडण केले आणि भांडून त्याचे दार थोडे अधिक उघडले. निर्मळ, निर्विवाद १७ मे नॉर्वेच्या इतिहासात कधी नव्हता.

आता परदेशी गेलेल्यांकडे वळू. ते गेले कोण आणि का गेले? १८२५ साली स्टाव्हान्गरहून ‘रेस्टोरेशन’ नावाची चिमुकली शिडाची बोट बावन्न माणसे घेऊन निघाली आणि वाटेत जन्मलेल्या एका बाळासह न्यूयॉर्कला पोचली. तेव्हापासून १९३० च्या सुमारापर्यंत जवळजवळ आठ लाख नॉर्वेजियन देश सोडून गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर युरोपात आयर्लंडचाच काय तो याहून वरचा क्रमांक. सुरुवातीच्या काहींना धार्मिक जाच होता हे खरे. पण आठ लाख माणसे केवळ उपासनेच्या पद्धतीसाठी समुद्र ओलांडत नाहीत. लोकसंख्या वाढत होती, शेतीयोग्य जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या तीन-चार टक्क्यांपलीकडे नव्हती, आणि जी होती ती वाटून घ्यायला मालक तयार नव्हते. ज्या घटनेच्या नावाने हे लोक पुढे परदेशात ध्वज हलवू लागले, तिने त्यांतल्या अनेकांच्या बापजाद्यांना मत दिले नव्हते आणि जमीनही दिली नव्हती.

हे ज्याने उघडपणे सांगितले त्याचे नाव मार्कुस थ्राने. १८४८ च्या क्रांतीचे वारे नॉर्वेत पोचले तेव्हा या तरुण शिक्षक-संपादकाने कामगार संघ काढले. दोन-तीन वर्षांत त्यांचे सुमारे ३०,००० सभासद झाले, आणि त्यांतले पुष्कळसे खेड्यांतली भूमिहीन कुळे होती. १८५० साली सुमारे १३,००० सह्यांचा अर्ज राजाकडे गेला. मागण्या कोणत्या? सर्व पुरुषांना मत, गरिबांच्या अन्नावरील जकातीत सूट, बऱ्या शाळा, कुळांना संरक्षण. उत्तरादाखल १८५१ मध्ये पुढाऱ्यांना पकडण्यात आले. थ्रानेची कोठडी आणि शिक्षा मिळून सात वर्षे तुरुंगात गेली. १८६३ च्या अखेरीस त्याने अमेरिकेची वाट धरली. शिकागोत नॉर्वेजियन भाषेतली पत्रे काढून त्याने तिथल्या स्वदेशीय पाद्र्यांना आणि शेटजींना सळो की पळो करून सोडले, आणि १८९० मध्ये विस्कॉन्सिनमधील ओ क्लेअर येथे तो वारला. १९४९ साली त्याच्या अस्थी ऑस्लोला नेऊन राष्ट्रातील थोरांच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. तेव्हाही सत्तेवर मजूर पक्षच होता. दुसऱ्या कोणाला त्याची आठवण कशाला झाली असती? परदेशस्थ नॉर्वेजियनांना आपला आद्य पुरुष हवाच असेल तर हा माणूस आहे. त्यांनी निवडला मात्र लेइफ एरिक्सन. बे रिजची मिरवणूक ज्या उद्यानात संपते ते त्या व्हायकिंग दर्यावर्द्याच्या नावाचे आहे. हजार वर्षांपूर्वीचा वीर कोणाच्याही मजुरीबद्दल बोलत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

अमेरिकेत या लोकांनी जे उभे केले त्याचा तर त्यांच्याच उत्सवात मागमूस नसतो. १८९५ साली, १८९३ च्या मंदीचे चटके बसत असताना, मिनियापोलिसमधल्या अठरा नॉर्वेजियन स्थलांतरितांनी ‘सन्स ऑफ नॉर्वे’ ही संस्था काढली. कशासाठी? आजारपणात आणि मरणात एकमेकांच्या कुटुंबांना मदत व्हावी म्हणून, परस्पर विम्यासाठी. ती विम्याचे काम आजही करते, पण लोक तिला ओळखतात ते लोकनृत्ये आणि खाद्यपदार्थांसाठी.

नॉर्थ डकोटाची कथा याहून मोलाची आहे. तिथल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांत नॉर्वेजियनांचा भरणा सर्वांत मोठा होता. गव्हाची प्रत ठरवणार मिनियापोलिसचे व्यापारी, भाडे ठरवणार रेल्वे कंपन्या, व्याज ठरवणार शहरातल्या बँका. शेतकऱ्याने फक्त नांगरायचे. आपल्या विदर्भ-खानदेशातल्या कापूस उत्पादकाला यात परके असे काही वाटणार नाही. १९१५ साली, पूर्वी समाजवादी पक्षाचे संघटक असलेल्या आर्थर टाउनली यांनी ‘नॉनपार्टिझन लीग’ काढली. तिचे कार्यकर्ते शेताशेतांवर जाऊन सभासद नोंदवू लागले आणि नॉर्वेजियन वस्त्या तिचा बालेकिल्ला बनल्या. १९१६ च्या निवडणुकीत लीगचा गव्हर्नर निवडून आला. १९१९ साली ‘बँक ऑफ नॉर्थ डकोटा’ ही राज्याच्या मालकीची बँक सुरू झाली आणि १९२२ साली ग्रँड फोर्क्स येथे राज्याच्या मालकीची पीठगिरणी. गव्हर्नरला विरोधकांनी १९२१ मध्ये मतदानाने परत बोलावले, लीग खिळखिळी झाली, पण बँक आणि गिरणी दोन्ही आजही राज्याच्या मालकीच्या आहेत, भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात. ‘सरकारी बँक म्हणजे तोटा’ हे सूत्र घोकून पास झालेल्या आपल्या वित्तपंडितांनी तिचे ताळेबंद एकदा चाळावेत. मिनेसोटात शेतकरी-मजूर पक्षाने १९३० मध्ये निवडून आणलेले गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन हे नॉर्वेजियन स्थलांतरिताचे पुत्र. १९३३ साली त्यांच्या कारकिर्दीत गहाण शेतांच्या जप्त्या लांबणीवर टाकणारा कायदा झाला. बँक, गिरणी आणि हा कायदा यांची चित्रे मिरवणुकीच्या रथावर असायला कोणाची हरकत आहे?

या लोकांना मी देवत्व देत नाही. ज्या मिनेसोटात त्यांनी नांगर धरला ती जमीन डकोटा आदिवासींची होती. १८६२ साली, ज्या वर्षी वसाहतवाल्यांना फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा झाला त्याच वर्षी, भुकेने उठाव केलेल्या डकोटांपैकी अडतीस जणांना मॅन्केटो येथे एकाच वेळी फाशी देण्यात आले. आणि अँड्र्यू फुरुसेथ पाहा. नॉर्वेत गरिबीत जन्मलेला हा खलाशी अमेरिकी खलाशांच्या संघटनेचा पुढारी झाला. नोकरी सोडणाऱ्या खलाशाला तुरुंगात टाकण्याची गुलामी त्याने १९१५ च्या खलाशी कायद्याने मोडून काढली. त्याच कायद्यात त्याने असेही घालून घेतले की जहाजाच्या प्रत्येक विभागातल्या निदान ७५ टक्के खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे. रोख होता आशियाई खलाशांवर. ज्यांना लस्कर म्हणत त्या हिंदी खलाशांत आपल्या रत्नागिरीकडचे दर्यावर्दीही होते. गोऱ्या खलाशाची बेडी तोडणाऱ्याला काळ्या खलाशाची भाकरी दिसली नाही. ही बाजूही १७ मेच्या व्यासपीठावरून सांगितली गेली पाहिजे. व्हेर्गेलान्डने घटनेतल्या ज्यूबंदीविषयी गप्प बसणे पत्करले नव्हते.

मग ही सगळी स्मृती गेली कुठे? ती आपोआप विरली असे मानणे भोळेपणाचे होईल. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि परकी भाषा बोलणारा प्रत्येक माणूस संशयित ठरला. नॉनपार्टिझन लीगच्या सभा देशद्रोहाच्या नावाखाली उधळल्या गेल्या. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नराने फर्मान काढले: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, चर्चमधल्या प्रार्थनेतसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालणार नाही. शत्रू जर्मनी होता, पण चाबूक नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या पाठीवरही बसला. स्वतःचे काय ठेवले तर चालते आणि काय ठेवले तर अंगाशी येते, हे या काळात स्थलांतरिताला कळून चुकले. भाषा धोक्याची, संघटना त्याहून धोक्याची. पोशाख, पक्वान्न आणि पूर्वज बिनधोक. १९२५ च्या जूनमध्ये स्थलांतराची शताब्दी मिनेसोटाच्या जत्रेच्या मैदानावर थाटात साजरी झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष कूलिज आले, टपाल तिकिटे निघाली, नॉर्वेजियन हे किती निष्ठावंत अमेरिकन आहेत याची ग्वाही दिली गेली. चांगल्या वर्तणुकीचा दाखलाच तो. शिकागोच्या रक्तातून ज्या १ मेचा जन्म झाला, तो अमेरिकेने कधीच आपला मानला नाही. १९५८ साली काँग्रेसने त्याला ‘निष्ठादिन’ करून टाकले. अशा देशात १७ मे जगला आणि १ मे मेला, यात नवल नाही. नवल याचे की आता कोणी चाबूक उगारत नसतानाही पाठ वाकलेलीच आहे. बे रिजची मिरवणूक १७ मेला निघत नाही, जवळच्या रविवारी निघते, कारण १७ तारखेला कामावर जावे लागते. पगारी सुट्टीची तरतूद ज्या कायद्याने केली त्याची आठवण निदान या गैरसोयीने तरी व्हावी!

पोशाखाबद्दल दोन शब्द. त्याला बुनाड म्हणतात. तो अनादि काळापासून चालत आलेला आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्याची आजची चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभी हुल्डा गारबोर्ग प्रभृतींनी घडवली. आज चारशेहून अधिक प्रकार आहेत; चांदीच्या दागिन्यांसह एका पोशाखाला हजारो क्रोनर पडतात आणि पुष्कळ भरतकाम आशियातल्या स्वस्त हातांकडून होते, ज्यावरून नॉर्वेत ‘चिनी बुनाड’ असा वादही झडला. २०२४ साली युनेस्कोने या पोशाखपरंपरेला मानवतेच्या वारशात स्थान दिले. भरतकामाच्या कलेशी माझे वैर नाही. पण अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे थोर्स्टाइन व्हेब्लेन आठवल्यावाचून राहत नाही. दिखाऊ उपभोगाची मीमांसा करणारा हा अर्थशास्त्रज्ञ विस्कॉन्सिनमध्ये नॉर्वेजियन स्थलांतरित शेतकऱ्याच्या पोटी जन्मला. ऐपतीचे प्रदर्शन म्हणून पोशाखाकडे पाहणारे एक सबंध प्रकरण त्याने आपल्या १८९९ च्या ग्रंथात लिहिले आहे. परदेशस्थ नॉर्वेजियन समाजाने जगाला दिलेला हा बहुधा सर्वांत तीक्ष्ण मेंदू.

एकदाच असे झाले की परदेशातला १७ मे मायदेशातल्या १७ मेहून खरा ठरला. १९४० ते १९४५ या काळात नाझींनी नॉर्वेत हा उत्सव बंद पाडला. घटनेचा दिवस मोकळेपणी साजरा व्हायचा तो लंडनमध्ये आणि समुद्रावर. निर्वासित सरकारचे पंतप्रधान योहान नीगोर्सव्होल हे स्वतः १९०२ ते १९०७ या काळात कॅनडा-अमेरिकेत रेल्वेच्या कामावर मजुरी केलेले स्थलांतरित होते. त्यांच्या सरकारने सुमारे हजार व्यापारी जहाजे एका छत्राखाली आणली. त्यांवरचे सुमारे तीस हजार खलाशी पाणबुड्यांच्या माऱ्यातून तेल आणि धान्य वाहत राहिले आणि हजारोंनी जलसमाधी घेतली. खलाशांचा युद्धभत्ता ब्रिटिशांच्या पातळीवर उतरवून उरलेली रक्कम एका गुप्त निधीत टाकण्यात आली होती. युद्ध संपल्यावर खलाशांनी ती मागितली. सरकारने नकार दिला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. १९७२ मध्ये संसदेने अखेर समुद्रावरील प्रत्येक महिन्यामागे १८० क्रोनर दिले, तेही हक्क म्हणून नव्हे, बक्षीस म्हणून. तोवर कितीतरी जण दारूत आणि एकाकीपणात संपून गेले होते. यात आपल्याच विचाराचा पक्ष दोषी आहे हे झाकण्यात अर्थ नाही. त्या वर्षांतही प्रत्येक १७ मेला स्मारकांवर खलाशांसाठी फुले वाहिली जात होतीच.

आणि आताचे परदेशस्थ? पूर्वी भुकेमुळे लोक देश सोडीत. आता दुसरे एक कारण निघाले आहे. २०२१ साली पुन्हा मजूर पक्षाचे सरकार आले आणि त्याने २ कोटी क्रोनरच्या वरच्या निव्वळ संपत्तीवरील कर वाढवून १.१ टक्के केला. लगेच धनिकांनी स्वित्झर्लंडची वाट धरली. मच्छीमार म्हणून सुरुवात करून अमेरिकेच्या किनाऱ्यावर नशीब काढलेले उद्योगपती श्येल इंगे रोक्के यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये आपण लुगानोला जात असल्याचे जाहीर केले; त्यांच्यामागे-पुढे आणखी कितीतरी गेले. हे सारे कायद्याला धरूनच आहे. तोवरच्या नियमाप्रमाणे तर पाच वर्षे बाहेर काढली की न विकलेल्या समभागांच्या नफ्यावरचा करही गळून पडत असे. ही पळवाट सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केली आणि २०२४ मध्ये नियम आणखी आवळले.

ज्या शाळांची मुले मिरवणुकीत चालतात त्या शाळा करांतून चालतात. हे धनिक त्याच फुकट शाळांत शिकले, सरकारी दवाखान्यांत जन्मले, बहुतेकांची संपत्ती सरकारने बांधलेल्या बंदरांवर आणि सरकारने राखलेल्या समुद्रातल्या माशांवर वाढली. स्वित्झर्लंडच्या सरोवराकाठी १७ मेला त्यांनी ध्वज उभारायला कोणी बंदी घालणार नाही. पण ध्वज नेता येतो आणि कर नेता येत नाही, ही सोय त्यांनी हेरली आहे हेही कोणी लपवू नये. थ्रानेच्या कुळांना देशाने काही दिले नव्हते आणि तरी ते घटनेच्या नावाने गहिवरले. यांना देशाने सर्व काही दिले, आणि यांचा गहिवर १.१ टक्क्याला संपला.

येथे आपल्यातले काही कडवे साथी म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो; राष्ट्रदिन हा भांडवलदारांचा खेळ, श्रमिकाने तिकडे फिरकूच नये. नॉर्वेच्या कामगार चळवळीनेही हे करून पाहिले आहे. विशेषतः १९२० च्या दशकात तिच्यातला मोठा भाग १७ मेकडे पाठ फिरवून बसला. परिणाम एवढाच झाला की ध्वज विरोधकांच्या हाती आयता पडला. १९३५ साली नीगोर्सव्होल यांचे सरकार आले, शेतकरी आणि कामगार यांची सांगड बसली, आणि चळवळीने तो दिवस बहिष्काराने नव्हे तर हक्काने परत घेतला. म्हणून १९४७ चा कायदा होऊ शकला. दिवस परत घेतला म्हणजे त्यावर पहाराही ठेवावा लागतो. १९८३ साली ऑस्लोतल्या सागेने शाळेत स्थलांतरितांची मुले पुष्कळ आहेत म्हणून तिच्या १७ मेच्या पथकाला बाँबची धमकी आली; तेव्हा शहरातले लोक मोठ्या संख्येने त्या मुलांच्या सोबतीला रस्त्यावर आले. ब्रुकलिनच्या रस्त्यावर नॉर्वेचा ध्वज अभिमानाने नेणाऱ्या किती जणांना ऑस्लोच्या रस्त्यावर पाकिस्तानी किंवा सोमाली मायबापांचे मूल तितक्याच अभिमानाने चाललेले रुचते, हे त्यांना अवश्य विचारावे.

आपल्या वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटू नये. नॉर्वेत दोन दिवस एका कायद्यात आहेत. महाराष्ट्रात तर ते एकाच तारखेत आहेत. १ मे १९६० रोजी मराठी राज्य झाले, आणि ते दिल्लीच्या कृपेने झाले नाही. गिरणगाव रस्त्यावर आले, शंभरावर माणसे गोळ्यांना बळी पडली, आणि हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते एक कामगार आणि एक शेतकरी. अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात आपली मंडळे महाराष्ट्र दिन साजरा करतात. फेटे असतात, नऊवारी असते, ढोल-ताशे, लेझीम आणि पुरणपोळी असते. सोयीचा शनिवार पाहून कार्यक्रम ठरतो. कामगार दिनाचा उल्लेख असलेली निमंत्रणपत्रिका माझ्या तरी पाहण्यात नाही. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले, ते हरले, आणि ज्या जमिनीवर त्यांच्या गिरण्या होत्या तिथल्या मनोऱ्यांत आज घर घेणाऱ्यांत याच मंडळांचे सभासदही असतील. दुबईत मंडळाचा कार्यक्रम वातानुकूलित सभागृहात होतो. त्याच शहरातल्या मजूर-छावण्यांत राहणाऱ्या बांधकाम कामगाराला, मग तो लातूरचा असो की करीमनगरचा, त्याचे निमंत्रण जात नाही.

या साप्ताहिकाचे काही वाचक आणि सहानुभूतीदार परदेशी आहेत. येत्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या तयारीची बैठक त्यांच्या मंडळात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरेल. त्यांनी तिथे एक ठराव मांडावा: कार्यक्रम १ मेलाच व्हावा, पत्रिकेवर कामगार दिन हे शब्द छापावेत, आणि त्या गावात मराठी मजूर असतील तर पहिल्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखाव्यात. ठरावाच्या बाजूने किती हात वर होतात आणि विरोधात कोणती कारणे पुढे येतात, ते संपादकांकडे लिहून पाठवावे.